तिसरी केळ

"काका, आज वार कोणता?" भाविकाने हसत विचारलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. भाविका म्हणजे या वृद्धाश्रमात आमच्या मजल्याची देखरेख करणारी मुलगी. गेले अकरा दिवस ती रोज सकाळी येते, झोप लागली का, पोट साफ झालं का, विचारते आणि मी तिची थट्टा करत उत्तरं देतो. वार तिने कधी विचारला नव्हता. आज तिच्या हातात छापील कागद होता आणि पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं. बुधवार, मी म्हणालो. महिना? सांगितला. साल? तेही सांगितलं. मग तिने शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ज्याने उभा जन्म केळ्यांच्या फण्या मोजल्या त्याला हे काय अवघड? मी थेट दोनपर्यंत उतरलो. मग चमचा, घोडा, खिडकी हे तीन शब्द लक्षात ठेवा म्हणाली, पाच मिनिटं माझ्या नातवाच्या, प्रणवच्या कॉलेजबद्दल बोलली आणि शब्द परत मागितले. चमचा, घोडा, खिडकी. "वा काका, फुल मार्क्स!" तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. माझी मात्र कानशिलं तापली. पास झालो तेव्हाच मला कळलं की ही परीक्षा होती, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची अशी परीक्षा का घेतात हे न कळण्याइतका मी अजून गेलेलो नाही.

कारण केळी. इथल्या हिरवळीच्या कडेला शोभेसाठी केळींची रांग लावली आहे. लावणाऱ्याने हौसेने लावली असेल, पण नंतर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेलं नाही. घड उतरवून नेले आणि झाडं तशीच उभी ठेवली. घड उतरला की ती केळ संपली, ती पुन्हा कधी फळत नाही. तिला बुंध्याशी तोडायची, म्हणजे शेजारी फुटलेलं पिल्लू जोर धरतं. हे आमच्यात कोणी शिकवत नाही, पोरं चालायला शिकतात तसं येतं. काल सकाळी माळ्याचा कोयता पंपाच्या खोलीबाहेर पडलेला दिसला आणि माझे हात शिवशिवले. आगाशीची वाडी जाऊन सात वर्षं झाली. सात वर्षांत माझ्या हातात भाजीच्या सुरीपेक्षा मोठं पातं आलं नव्हतं. मी कोयता उचलला, घड उतरवलेली केळ पाहिली आणि तिरका घाव घातला. तो ओला आवाज झाला, थंड रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. सदऱ्यावर त्याचे डाग पडले ते आता जन्मात जायचे नाहीत. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग दुसरी तोडली. मग कोणीतरी ओरडलं, रखवालदार धावत आला आणि वेड्याचा धरतात तसा त्याने माझा हात धरला. भाविका म्हणते मी तीन तोडल्या. मला दोन आठवतात. दोन की तीन यात एवढं काय आहे, एकदा हात लागला की मोजतं कोण, असं मी तिला म्हणालो, तर तिने तेही लिहून घेतलं.

इथे पंधरा दिवस राहून पाहायचं आणि मग ठरवायचं, असं माझ्या मुलाशी, अनुजशी बोलणं झालं होतं. "बाबा, निर्णय तुमचा," हे तो दहा वेळा म्हणाला, आणि मी त्या एका वाक्यावर इथे आलो. निर्णय आपला असेल तर माणूस कुठेही राहतो. पण इथे दोन इमारती आहेत. पहिलीत खोलीची किल्ली आपल्याकडे असते, फाटकावर नाव लिहून कामणच्या नाक्यापर्यंत पान खायला जाता येतं आणि उद्या नको वाटलं तर सामान बांधून निघूनही जाता येतं. दुसरीत किल्ली त्यांच्याकडे असते. तिला त्यांनी काहीतरी गोड नाव दिलंय, आम्ही सगळे तिला नुसतं 'ती दुसरी' म्हणतो. कोणी कुठे राहायचं हे डॉक्टरांच्या शेऱ्यावर ठरतं. भाविकाचा कागद डॉक्टरांकडे जाणार, अनुजला कालच फोन गेलाय आणि तो आज चार वाजता येतोय. म्हणजे रविवारी मी जे ठरवणार होतो ते आज चार वाजता चारचौघं मिळून माझ्यासाठी ठरवणार.

माझ्या उशीखाली एक कागद आहे. प्रणवने त्यावर मधोमध पट्टीने रेघ मारून दिली होती, एकीकडे 'चांगलं', दुसरीकडे 'वाईट'. "आजोबा, रोज एक-एक पॉइंट टाकत जा, मग डिसिजन सोपं." पहिल्या दिवशी मी चांगल्याखाली लिहिलं, नळाला सकाळी पाचलाही गरम पाणी. मग लिहिलं, जिना नाही. पलंगाशी घंटी आहे, दाबली की माणूस येतो. मी एकदा उगाच दाबून पाहिली, खरंच आला, आणि मला ओशाळल्यासारखं झालं. कॅरम आहे. जेवणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही. आणि सकाळी कोणीतरी आपली झोप झाली का विचारतं, हेही लिहिलं, कारण हा प्रश्न मला नर्मदा गेल्यापासून कोणी विचारला नव्हता. वाईटाखाली लिहिलं, आमटीत खोबरं नाही. फाटकावरच्या नावात पहाट आहे, हा चेष्टेचा प्रकार. गोदामांचे ट्रक दिवसभर धूळ उडवतात, तुंगारेश्वरचा डोंगर त्या धुळीमागे विरलेला दिसतो. नर्स "आपण आता गोळी घेऊ या" म्हणते आणि गोळी मला एकट्यालाच घ्यावी लागते. सगळेच म्हातारे, अकरा दिवसांत एकही पोर रडलेलं ऐकू आलं नाही. आणि आमच्या घरची बोली बोलणारं कोणी नाही. ती बोली मी आणि नर्मदा बोलत होतो, अनुजला ती नुसती समजते, प्रणवला ऐकून हसू येतं. एखादा शब्द तोंडात येतो, कोणासमोर टाकायचा म्हणून गिळतो. हे सगळं 'वाईट'च्या रकान्यात मावलं नाही, म्हणून समासात लिहिलं.

पण अनुजच्या फुलपाड्याच्या घरात तरी काय चांगलं होतं? तिसरा मजला, दोन खोल्या, समोर दुसऱ्या इमारतीच्या वाळत घातलेल्या चादरी. सकाळी सातला अनुज आणि माझी सून हेमाली निघायची, रात्री नऊला यायची. मधले चौदा तास मी आणि फ्रिजचा आवाज. हेमाली वाईट नाही, उलट फार चांगली आहे, म्हणून तिचं गप्प बसणं जास्त लागायचं. एकदा गॅस चालू राहिला. त्या शेगडीचं बटण सैल होतं, मी महिनाभर सांगत होतो. एकदा मी तिला नर्मदा म्हणून हाक मारली. जीभ घसरते, कोणाची घसरत नाही? तिने "आले बाबा" म्हणून ओ दिली आणि नंतर स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. आणि एकदा मी आगाशीला गेलो. स्टेशनजवळून अर्नाळ्याची बस पकडली, नेहमीच्या वळणावर उतरलो आणि आमच्या वाडीपाशी गेलो. तिथे आता सात मजले आहेत हे मला ठाऊक होतं, आपल्याच सहीने ती जागा गेली हे कोण विसरेल? पण फाटकावरच्या वॉचमनला मी म्हणालो, अरे, अकरा वाजून गेले, पंप सुरू कर, पिकं सुकतील. त्याने अनुजला फोन लावला. मी थट्टा केली होती. नंतर अनुजला तसं सांगितलंही. तो गाडी चालवत होता, "हो बाबा," एवढंच म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात या जागेचं रंगीत पुस्तक टेबलावर आलं.

वाडीत माझी चूक झाली नव्हती असं नाही. कांदे लावायला उशीर झाला, विहिरीच्या कडेची फणसाची जागा चुकली. पण केळीत चूक नाही. बाप केळीच्या रांगेतून चालताना बोलायचा नाही, नुसता एखाद्या झाडाला हात लावून पुढे जायचा, आणि मी ओळखायचो की याला माती चढवायची, याला टेकू द्यायचा. घड बाहेर पडायच्या आधी केळ एक आखूड पान टाकते. बाकी पानं पुरुषभर आणि शेवटचं हे एवढंसं, वर उभं. ते पान दिसलं की समजायचं, पोटात घड आहे, दहा-बारा दिवसांत केळफूल बाहेर येईल, बांबू शोधायला लागा. नर्मदा लग्न होऊन आली तेव्हा तिला या सगळ्याचा गंध नव्हता. पहिल्या वर्षी मी तिला आखूड पान दाखवलं, तर ती म्हणाली, बाईसारखंच आहे की, शेवटी-शेवटी वर बघत चालायचं. पुढे ती माझ्याहून हुशार झाली. दसरा झाला की राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घालायची, सुकेळी करायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची, आठवडाभर. तिच्या लुगड्याला त्या दिवसांत मधासारखा वास यायचा. एखाद्या केळीचं केळफूल बाहेर पडलं की मी तिला रांगेतूनच ओरडून सांगायचो, ही निसवली गं, आणि ती मांडवावरून विचारायची, कितवी? मी सांगायचो, बाराव्या रांगेतली चौथी. कधी चुकलो नाही. पुढे दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती तेव्हाही मी तिच्या कानाशी म्हणालो, निसवली गं, तर तिने डोळे न उघडता विचारलं, कितवी? मी काहीतरी आकडा सांगितला.

दुपारच्या जेवणानंतर मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. हेलनबाई आधीपासून तिथे होत्या, रोजच असतात. नंदाखाल गावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, गळ्यात क्रूस, मांडीवर विणकाम. त्या पहिल्या इमारतीत राहतात आणि त्यांचे यजमान, कॉन्रॅड, त्या दुसरीत. दोन वर्षं झाली. रोज साडेचारला त्या केस नीट करून नवऱ्याला भेटायला जातात आणि तो त्यांना शाळेतली शिपाईबाई समजून सहीसाठी हजेरीपट मागतो. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. आज मी विचारलं, "बाई, तिकडे कसं आहे?" त्यांनी सुया थांबवल्या. "स्वच्छ आहे. मुली प्रेमळ आहेत. आवाज चढवत नाहीत." मग म्हणाल्या, "खिडक्या मागच्या बाजूला आहेत. गोदामांचे पत्रे दिसतात. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, पण कॉन्रॅडला काही फरक पडत नाही." मी म्हणालो, माझा मुलगा चारला येतोय, त्याला मी केळी दाखवणार आहे. घड कापलेला दांडा अजून झाडाला असेल, तो बघितला की कोणालाही कळेल की मी मेलेलीच झाडं तोडली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या, मग सुया पुन्हा चालू केल्या. "जाऊन या," म्हणाल्या.

माळ्याने झाडं उचलली नव्हती. हिरवळीच्या कडेला पडून होती, उन्हाने पानं मलूल झालेली. पहिली मी लगेच ओळखली. शेंड्याला घडाचा कापलेला दांडा, काळा पडलेला. दुसरीलाही तसाच. मला हसू आलं, वाटलं, भाविकाला इथे उभी करून शिकवावं, हे बघ पोरी, याला म्हणतात पुरावा. आणि दोनच होत्या. म्हणजे मला आठवलं ते बरोबर होतं. मी मागे फिरलो आणि कर्दळीच्या पलीकडे तिसरी दिसली. बुंध्यावर घाव तिरका होता, डावीकडून वर जाणारा. बापाचा घाव तसा पडायचा आणि माझा तसाच पडतो; मी डावरा आहे, इथला माळी डावरा नाही. मी तिच्या बाजूने शेंड्याकडे चालत गेलो. चार-पाच पावलं असतील. शेंड्याला दांडा नव्हता. पानं हिरवीगार, रुंद, अजून जीव धरून होती, आणि त्यांच्या मधोमध एक पान होतं, एवढंसं.

मी खाली बसलो. कोणी बघत नाही ना, ते पाहिलं. केळीचा गळा हाताने सोलायला कोयता लागत नाही, बुंध्याचं एकेक सोपट नखाने सुटतं. चार-पाच सोपटं काढली आणि आत ते केळफूल होतं, वीतभर, घट्ट मिटलेलं, पांढुरकं आणि टोकाला जांभळट. मी ते कितीदा तरी बाहेर आलेलं पाहिलं आहे. आत असताना कधी पाहिलं नव्हतं, कारण आमच्या वाडीत ते पाहायची वेळ कोणावर आली नव्हती. मी आठवायचा प्रयत्न केला. काल सकाळी मी इथे उभा होतो, कर्दळीच्या या बाजूला, हातात कोयता होता, वर हे पान होतं, मी ते पाहिलं असणार, माझ्या डोळ्यांना ते न दिसणं शक्यच नाही. मग पुढे काय? तिथे काही नव्हतं. विसरलेल्या गोष्टीची निदान टोचणी असते, इथे तीही नव्हती. दुसरी केळ, आणि मग रखवालदाराचा हात. मला भीती वाटली. नर्मदा गेली तेव्हा दुःख झालं, वाडी गेली तेव्हा राग आला. ही निव्वळ भीती होती, आणि ती कोणाला सांगायची याचं एकही नाव सुचेना. शेगडीचं बटण आठवलं. ते सैल नव्हतं. हेमालीने माझ्यासमोर फिरवून दाखवलं होतं, चांगलं घट्ट होतं. आगाशीच्या फाटकावर मी थट्टा केली नव्हती. अकरा वाजून गेले होते आणि पंप बंद होता.

मी ती सोपटं पुन्हा त्याच्याभोवती गुंडाळली, एकेक करून, होती तशी. वरून सुकी पानं ओढली. मागे हेलनबाई उभ्या होत्या, छत्री उघडलेली. "माझ्या माहेरी केळीच होत्या, आत्मारामभाऊ," त्या म्हणाल्या. "मी सकाळीच बघून गेले." "मी कोणाला सांगणार नाही. इथे कोणाला कळणारही नाही." त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या हाताला चिकटलेला चीक त्यांनी रुमालाने पुसायचा प्रयत्न केला, तो काही निघेना. "कॉन्रॅड आमच्या देवळात ऑर्गन वाजवायचे. एकदा मयतीच्या मिस्सामध्ये त्यांनी लग्नाचं गाणं सुरू केलं. पूर्ण वाजवलं. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, त्यांना ताप होता. दोन वर्षं मी झाकलं. पोरांपासूनही." मी विचारलं, मग? "मग काही नाही. झाकलं तेव्हा ते एकटेच घाबरत होते, एवढंच झालं. मला ते नंतर कळलं." फाटकाशी अनुजची गाडी वाजली. बाई वळल्या, छत्री मिटून व्हरांड्याकडे चालू लागल्या, साडेचारची वेळ व्हायची होती तरी केस नीट करत.

अनुज खवळलेला होता. लहानपणापासून तो असा फक्त माझ्यासाठीच खवळतो. मॅनेजरला, भाविकाला हाताला धरून केळींपाशी घेऊन आला, पहिल्या झाडाचा दांडा दाखवला, दुसऱ्याचा दाखवला, मोबाइलवर केळीच्या लागवडीचा व्हिडिओही लावला. "घड काढला की झाड तोडावंच लागतं. तुमच्या माळ्याने करायचं काम माझ्या बाबांनी केलं. आणि तुम्ही त्यांना वार विचारता? या माणसाने आयुष्यात हजारो केळी वाढवल्यात." मॅनेजर मान हलवत होता. भाविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी काका, आम्हाला खरंच माहीत नव्हतं. टेस्टमध्येपण तुम्ही एकदम परफेक्ट होता. मी डॉक्टरांना सांगते, काही इश्यू नाही." अनुज तिसरीच्या दोन पावलांवर उभा होता. त्याच्या बुटाखाली तिचं एक पान होतं. तो केळीच्या वाडीत जन्मला, पण त्याने वर पाहिलं नाही, खालीही पाहिलं नाही, त्याने माझ्याकडे पाहिलं. जिंकून आलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा होता. तो चेहरा मी मोडू शकलो असतो, दोन सोपटं बाजूला केली असती की झालं असतं. "बघा," तो म्हणाला, "झालं सगळं क्लिअर. आता निवांत सांगा. इथे राहायचं की घरी? निर्णय तुमचा."

आम्ही माझ्या खोलीत आलो. उशीखालचा कागद मी बाहेर काढला. गरम पाणी, जिना, आमटी, ट्रक, पहाट. मी ते सगळं वाचलं आणि ते मला कोणा दुसऱ्या माणसाचं वाटलं, ज्याला आमटीतल्या खोबऱ्याचं दुःख करायला फुरसत होती. घरी गेलो तर हेमाली सकाळी निघताना शेगडीकडे बघेल आणि काही बोलणार नाही. इथे राहिलो तर ही खोली, आणि खिडकीबाहेर केळींची रांग, रोज, प्रत्येक आखूड पान, आणि मी ते ओळखतोय की नाही याची रोज सकाळी परीक्षा, जी भाविका घेणार नाही. "इथेच," मी म्हणालो. अनुजने सुस्कारा सोडला आणि मला तो ऐकू आला नाही असं मी दाखवलं. मग मी भाविकाला विचारलं, "ती दुसरी इमारत. तिथे आपण होऊन राहायला जाता येतं का?" भाविका हसली, अनुजही हसला. "काय बाबा तुम्ही!" "काका, तिकडे कशाला? तुम्ही एकदम फिट आहात. तिकडून बागसुद्धा दिसत नाही, नुसते पत्रे." मी पेन मागितलं. भाविकाने टोपण काढून दिलं. 'चांगलं'च्या रकान्यात सगळ्यात खाली थोडी जागा उरली होती, तिथे मी लिहिलं, दुसऱ्या इमारतीतून केळी दिसत नाहीत.

अनुजने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. "बाबा, हे चुकून चांगल्याखाली लिहिलंत." तो पेन घेऊन खोडायला निघाला.

"असू दे," मी म्हणालो आणि प्रवेशाच्या कागदावर सही कुठे करायची ते विचारलं.